२६/११ नंतरचा भारताचा प्रतिसाद

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री समुद्रमार्गे मुंबईत शिरलेल्या लष्कर-ए-तैयबाच्या दहा दहशतवाद्यांनी छत्रपती शिवाजी टर्मिनस, ताज व ओबेरॉय-ट्रायडंट ही हॉटेले, नरिमन हाउस आदी ठिकाणी केलेल्या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. या हल्ल्याला भारताने लष्करी कारवाईने उत्तर दिले नाही. पाकिस्तानशी चालू असलेली संवादप्रक्रिया थांबवून त्याने तपास, खटला आणि सुरक्षायंत्रणेची फेररचना यांवर भर दिला.

या धोरणाला बळ मिळाले ते गिरगाव चौपाटीवरील नाकाबंदीमुळे. तेथे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना या दहांपैकी एक असलेल्या अजमल कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली; गोळ्या लागून त्यांना वीरमरण आले, पण कसाब जिवंत सापडला. त्याच्या जबाबामुळे, तसेच ‘कुबेर’ या बळकावलेल्या मासेमारी नौकेवर मिळालेल्या जीपीएस यंत्रामुळे, कटाचे धागे पाकिस्तानपर्यंत जोडता आले. आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयाने मे २०१० मध्ये त्याला फाशीची शिक्षा सुनावली, मात्र दोन भारतीय सहआरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले. लोकक्षोभ तीव्र असतानाही न्यायालयाने पुराव्याचा निकष सैल केला नाही, ही या संपूर्ण प्रतिसादातील सर्वांत भक्कम बाजू म्हणावी लागेल. उच्च व सर्वोच्च न्यायालयांनी शिक्षा कायम केल्यानंतर २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात तिची अंमलबजावणी झाली.

डिसेंबर २००८ मध्येच संसदेने राष्ट्रीय तपास संस्थेची (एनआयए) स्थापना करणारा कायदा केला आणि बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा (यूएपीए) अधिक कठोर केला. जामीन दुरापास्त करणारी आणि आरोपपत्राविना १८० दिवसांपर्यंत कोठडीची मुभा देणारी ही दुरुस्ती आजही वादग्रस्त आहे, आणि हा वाद अनाठायी नाही. दिल्लीजवळच्या मानेसरहून राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल (एनएसजी) या केंद्रीय दहशतवादविरोधी दलाचे कमांडो मुंबईत पोहोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली होती. म्हणून २००९ मध्ये मुंबईसह चार महानगरांत या दलाची केंद्रे उघडण्यात आली, तर महाराष्ट्राने ‘फोर्स वन’ हे स्वतःचे पथक उभारले. सागरी सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे आली आणि मच्छीमारांना ओळखपत्रे देण्यात आली. राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राची योजना मात्र २०१२ मध्ये राज्यांच्या विरोधामुळे बारगळली, कारण कायदा व सुव्यवस्था या आपल्या अधिकारक्षेत्रावर केंद्र सरकार अतिक्रमण करीत असल्याचा अनेक मुख्यमंत्र्यांचा आक्षेप होता.