रोममधील संपत्ती, प्रतिष्ठा आणि पंचपदाचा वाद : पार्श्वभूमी

रोमन नागरिकाच्या मताचे वजन त्याच्या मालमत्तेवर ठरत असे. परंपरागत वर्णनानुसार १९३ मतगटांपैकी घोडदळाचे १८ आणि सर्वांत श्रीमंत अशा पहिल्या वर्गाचे ८० गट एकमताचे झाले, की बहुमत पुरे होई आणि गरिबांच्या गटांपर्यंत मतदान पोहोचतच नसे. मात्र पैशाबरोबर मान येईच असे नव्हते. जमिनीचे उत्पन्न प्रतिष्ठेचे आणि व्यापाराचा नफा हलका मानला जाई. इ.स.पू. २१८ च्या कायद्याने तर सिनेट (रोमच्या वरिष्ठ राज्यकर्त्यांची सभा) सदस्यांना आणि त्यांच्या मुलांना ३०० कुंभांहून (माल मोजण्याचे रोमन माप) अधिक माल वाहणारे सागरी जहाज बाळगण्यास मनाई केली. सरकारी मक्ते आणि करवसुलीचे इजारे (सरकारला ठरलेली रक्कम देऊन कर गोळा करण्याचे हक्क) हळूहळू सिनेटबाहेरच्या धनिकांच्या, म्हणजे अश्वारोही वर्गाच्या, हाती एकवटले.

या वर्गाला खरी राजकीय ताकद मिळाली ती इ.स.पू. १२३ च्या सुमारास, आणि न्यायालयातील पंचपदे त्याला देण्याचा तो निर्णय आजही वादाचा आहे. प्रांतात लूट करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी इ.स.पू. १४९ पासून कायमचे न्यायालय होते, पण त्याचे पंच सिनेटचेच सदस्य असत. म्हणजे आरोपीचा न्याय त्याच्याच पंक्तीत बसणारे करत. एका ट्रिब्यूनने (सामान्य नागरिकांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधीने) ही पंचपदे अश्वारोहींकडे सोपवली. प्राचीन लेखकांपैकी कोणी संपूर्ण हस्तांतर झाल्याचे सांगतो, तर कोणी दोन्ही वर्गांची मिश्र यादी केल्याचे. या काळातील मानल्या जाणाऱ्या कांस्यपटावरील कायद्यात मात्र ४५० पंचांच्या यादीतून सिनेट सदस्य आणि त्यांचे निकटचे नातलग स्पष्टपणे वगळलेले दिसतात, आणि हा पुरावा अधिक वजनदार मानायला हवा.

सुधारणेचा हेतू रास्त होता, पण परिणाम प्रांतांच्या मुळावर आला. त्याच ट्रिब्यूनने, आजच्या पश्चिम तुर्कस्तानात मोडणाऱ्या आशिया प्रांताच्या करवसुलीचा इजारा रोममध्ये लिलावाने देण्याची व्यवस्था केली होती. आता इजारदारांना आवर घालणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरला गेला, की निकाल इजारदारांच्याच वर्गातील पंच देणार होते. इ.स.पू. ९२ च्या सुमारास नेमके तसेच घडले. आशियात त्यांची मनमानी रोखण्यास मदत केलेला एक माजी कॉन्सुल (वर्षभरासाठी निवडला जाणारा रोमचा सर्वोच्च अधिकारी) लुटीच्याच आरोपाखाली दोषी ठरला. त्याने हद्दपारीसाठी तोच प्रांत निवडला आणि ज्यांना लुटल्याचा ठपका त्याच्यावर होता, त्यांनीच त्याचे सन्मानाने स्वागत केले. निकाल किती अन्यायाचा होता, हे याहून वेगळे सांगायला नको. पुढे इ.स.पू. ८१ च्या सुमारास एका हुकूमशहाने पंचपदे सिनेटला परत दिली आणि इ.स.पू. ७० मध्ये ती तीन गटांत वाटली गेली.

साम्राज्यकाळात या स्पर्धेचा निवाडा सम्राटाच्या मर्जीवर गेला. पहिल्या सम्राटाने सिनेटसाठी १० लाख सेस्टर्स (रोमन नाणे) इतकी मालमत्ता आवश्यक ठरवली, तर अश्वारोहींसाठी ४ लाखांची अट होती. तरीही धान्यसमृद्ध इजिप्तचा कारभार त्याने सिनेटकडे न देता अश्वारोही अधिकाऱ्याकडे सोपवला आणि परवानगीशिवाय सिनेट सदस्यांना तिथे पाऊल ठेवण्यासही बंदी केली. दुसऱ्या शतकापर्यंत प्रतिष्ठित आणि सामान्य हा भेद शिक्षेतही उतरला : एकाच गुन्ह्यासाठी प्रतिष्ठिताला हद्दपारी, तर सामान्याला खाणीतील सक्तमजुरी होऊ शकत असे. इ.स. २१२ मध्ये साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व मिळाले, तेव्हा त्या नागरिकत्वात सामान्यांना शिक्षेपासून मिळणारे संरक्षण फारसे उरले नव्हते.