तापट मॅनेजर आणि ‘स्वभावाला औषध नाही’ हा गैरसमज

‘स्वभावाला औषध नाही’ म्हणत तापट मॅनेजरला मोकळं सोडलं जातं आणि जाच सोसणारे एकेक करून नोकरी सोडतात. मला हे फार अन्यायाचं वाटतं, कारण अशा मॅनेजरसाठी कोचिंग असतं, म्हणजे वागणं सुधारायला मदत करणाऱ्या प्रशिक्षकाबरोबरचा सराव, आणि त्यात स्वभाव बदलायचाच नसतो. बदलायचं असतं ते वागणं.

कोच आधी सहकाऱ्यांशी बोलतो, नावं गुप्त ठेवून. ‘ते उद्धट आहेत’ एवढ्यावर भागत नाही, नेमका प्रसंग लागतो. काम लांबणार असं कुणी सांगताच चारचौघांत ‘एवढंही जमत नाही?’ असं फाडकन बोलणं, किंवा समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर तोडणं. हे सगळं एकत्र समोर आलं की अनेक मॅनेजर हादरतात. आपलं बोलणं इतकं लागतं याची त्यांना खरंच कल्पना नसते. मग त्याच जागी ‘कुठे अडलंय?’ असं विचारण्याचा सराव होतो.

धाकानेच काम होतं, हेही खरं नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधल्या एका प्रयोगात, अपमानास्पद शेरे ऐकलेल्या नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर-परिचारिकांची सरावातली कामगिरी निदानातही घसरली आणि उपचारातही.

अट एकच: ‘हे चालणार नाही’ असं वरिष्ठांनी आधी स्पष्ट सांगायला हवं. नुसतं कोचवर सोपवून ते मोकळे झाले, तर फारसं काही हलत नाही.