रहस्यकादंबरी, प्राचीन इजिप्तमधील

प्राचीन इजिप्तमध्ये घडलेला गुन्हा आणि त्याच काळातल्या माणसांनी लावलेला त्याचा छडा, हा या कादंबरीप्रकाराचा गाभा. नाईलवरची आगबोट, पर्यटकांची हॉटेले किंवा विसाव्या शतकातल्या उत्खननाच्या छावण्या यांत घडणाऱ्या कथा यात धरत नाहीत. तिथे इजिप्त हा देखावा असतो, खून करणारे आणि तो उलगडणारे बाहेरून आलेले असतात. या प्रकाराची सुरुवात सामान्यतः अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘डेथ कम्स ॲज द एन्ड’ (१९४४) या कादंबरीपासून मानतात. ख्रिस्ती यांच्या कादंबऱ्यांत विसाव्या शतकाबाहेर घडणारी ही एकटीच. तिच्यात एकही युरोपीय पात्र नाही. तिच्याबद्दल वाचकांचे एकमत कधीच झाले नाही, आणि या मतभेदातून कादंबरीप्रकाराचे बळ आणि मर्यादा दोन्ही चांगल्या कळतात.

कादंबरीचा उगम काही पत्रांत आहे. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या वतीने हर्बर्ट विनलॉक १९२१-२२ च्या हंगामात लक्सॉरच्या समोर, नाईलच्या पश्चिम तीरावर उत्खनन करत होते. तिथे इपी नावाच्या वजिराच्या थडग्याच्या आवारात मेसेह या माणसाचे एक छोटे थडगे आहे. त्यात हेकानाख्त नावाच्या गृहस्थाची पत्रे आणि हिशेबाचे कागद सापडले. हेकानाख्त हा इपीचा का-पुजारी होता. मृताच्या ‘का’ला, म्हणजे त्याच्या प्राणशक्तीला, नियमाने अन्नपाणी अर्पण करायचे आणि त्या बदल्यात नेमून दिलेल्या जमिनीचे उत्पन्न खायचे, अशी ही व्यवस्था. आपल्याकडच्या देवस्थान इनामाची ज्यांना माहिती आहे, त्यांना ती लगेच उमजेल. काही पत्रांवरची मातीची मुद्रा फोडलेलीच नव्हती. ती कधी पोहोचलीच नाहीत. आधी ही पत्रे अकराव्या राजवंशातली मानत. आता ती बाराव्या राजवंशातल्या पहिल्या सेनुस्रेत राजाच्या सुरुवातीच्या काळातली, म्हणजे साधारण चार हजार वर्षांपूर्वीची, समजली जातात.

या पत्रांत राजे नाहीत, पिरॅमिड नाहीत. परगावी असलेला घरचा कर्ता माणूस मागे राहिलेल्यांना सूचना देतो आहे, एवढाच मजकूर. कोणती जमीन खंडाने घ्यायची, खंड सातूत द्यायचा की विणलेल्या कापडात, कुठे काय पेरायचे, खपली गहू किती उरला. एका पत्रात तो चिडला आहे, कारण सिहाथोर नावाच्या माणसाच्या हाती त्याला जुने, वाळून गेलेले सातू पाठवले आणि घरातले लोक मात्र नवे, चांगले सातू खात आहेत. दुसऱ्या पत्रात घरातल्या प्रत्येकाचा शिधा नावानिशी ठरवून दिला आहे. त्यात पहिले नाव आईचे. कुणी कुरकुर करू नये म्हणून तो बजावतो की उपाशी मरण्यापेक्षा अर्धपोटी जगणे बरे, इकडे तर माणसे माणसांना खाऊ लागली आहेत. स्नेफेरू या धाकट्याचे मात्र त्याला भारी लाड. त्याला हवे ते द्या, असा हुकूम आहे. आणि मग येते सेनेन या मोलकरणीचे प्रकरण. ती नव्या बायकोला त्रास देते. तिला त्याच दिवशी घराबाहेर काढा, असे हेकानाख्त लिहितो आणि घरच्यांनी हे कसे चालवून घेतले, असा जाब विचारतो.

इजिप्तविद्येचे प्राध्यापक स्टीफन ग्लॅनव्हिल यांनी ख्रिस्ती यांना या काळावर रहस्यकादंबरी लिहिण्याचा आग्रह केला. बॅटिसकोम गन यांनी केलेला पत्रांचा अनुवाद त्यासाठी उपयोगी पडला. कादंबरी ग्लॅनव्हिल यांनाच अर्पण केली आहे. पत्रांतली घरातली धुसफुस ख्रिस्ती यांनी उचलली आणि तिला खुनाची जोड दिली. इम्होटेप हा का-पुजारी उत्तरेहून परततो तो नोफ्रेट या तरुण रखेलीला घेऊनच. घरात तीन मुलगे, सुना, नातवंडे, नुकतीच विधवा होऊन माहेरी आलेली रेनिसेन्ब, सगळ्यांच्या खोड्या ओळखून असलेली म्हातारी एसा, होरी नावाचा कारकून आणि सतत कुणाच्या तरी मागे-पुढे करणारी हेनेट. नोफ्रेट मरते आणि त्यानंतर घरात एकामागून एक मृत्यू होत राहतात. प्रकरणांची नावे इजिप्तच्या पंचांगातून घेतली आहेत. नाईलचा पूर, हिवाळा आणि उन्हाळा हे तीन ऋतू, त्यांचे महिने आणि दिवस.

छापून येताच कादंबरीला एका जाणकार वाचकाचा तडाखा बसला. समीक्षक एडमंड विल्सन यांनी १४ ऑक्टोबर १९४४ च्या ‘न्यू यॉर्कर’मध्ये रहस्यकथा लोक का वाचतात, या प्रश्नावर लेख लिहिला. त्यासाठी निवडलेल्या पुस्तकांत हे एक होते. खुनी कोण हे आपल्याला ओळखता आले नाही, शेवट वाचेपर्यंत पुस्तक सोडवले नाही आणि उलगडा झाल्यावर आश्चर्यही वाटले, हे त्यांनी मान्य केले. तरीही या लेखिकेचे दुसरे पुस्तक हाती घ्यायची आपली इच्छा नाही, असे त्यांनी लिहून टाकले. पात्रांत जीव नाही, भाषा कच्ची आहे, हा त्यांचा मुख्य आक्षेप. रहस्यकथेच्या चाहत्यांची विरोधी पत्रे इतकी आली की जानेवारी १९४५ मध्ये त्यांना याच विषयावर पुन्हा लिहावे लागले.

विल्सन यांच्यानंतरही वाचकांचे आक्षेप त्याच धाटणीचे राहिले आहेत. नावांचा गोंधळ होतो. माणसे एखाद्या इंग्रजी खेड्यातल्यासारखी बोलतात. गुप्तहेर नाही, त्यामुळे दुवे जुळवण्याची मजा कमी. संशयितच एकेक करून मरतात, मग उरलेल्यांतून खुनी शोधणे सोपे जाते. यातला शेवटचा आक्षेप खरा आहे. पण पोलिसांची चौकशी नसल्याचा दोष कादंबरीला देता येत नाही. घरातल्या संशयास्पद मृत्यूचा तपास करायला येणारा अधिकारी त्या समाजात आणायचा कुठून? म्हणून इथे शोध घेते ती घरातलीच म्हातारी, ऐकलेल्या बोलण्यातून आणि माणसांच्या जुन्या ओळखीतून. इतर वाचकांना कादंबरी आवडते ती याचसाठी. त्यांना एसा लक्षात राहते, रेनिसेन्बचे परत आल्यावरचे अवघडलेपण लक्षात राहते, आणि खुनाचे कोडे मागे पडते.

प्रस्तावनेत ख्रिस्ती यांनी लिहिले आहे की स्थळ आणि काळ या कथेत गौण आहेत, ती कुठेही, कधीही घडू शकली असती. अनेक वाचकांनी हे वाक्य कादंबरीविरुद्ध वापरले. वस्तुतः ते वाक्यच कादंबरीवर अन्याय करणारे आहे. बापाच्या शब्दावर प्रत्येकाचा शिधा ठरतो, बापाचे उत्पन्न एका मृत माणसाच्या जमिनीवर अवलंबून आहे, आणि त्या घरात नवी बाई आली की प्रत्येकाच्या वाट्याला धोका निर्माण होतो. खुनाचे कारण या व्यवस्थेतच दडले आहे. भेदरलेले कुटुंब संरक्षणासाठी मृत गृहिणीला विनवणीचे पत्र लिहिते, तो प्रसंगही हवेतला नाही. मृतांना पत्रे लिहिण्याची चाल इजिप्तमध्ये खरोखर होती. अन्नाच्या भांड्यांवर लिहिलेली अशी पत्रे सापडली आहेत आणि नेदरलँड्समधल्या लायडनच्या संग्रहालयात एका नवऱ्याने मेलेल्या बायकोला लिहिलेले पपायरसही (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरचे पत्र) आहे. ‘मी तुझे काय वाईट केले?’ असे तो तिला विचारतो.

शेवटाबद्दलही वाद आहे. उलगड्यातल्या एका मुद्द्यावर ग्लॅनव्हिल यांनी बराच वाद घातला आणि आपण अखेर त्यांचे ऐकले, याची खंत ख्रिस्ती यांनी आत्मचरित्रात नोंदवली आहे. इतिहासाच्या तपशिलात तज्ज्ञाचे ऐकावे, पण कथेच्या शेवटात लेखकाने आपलेच मत चालवायला हवे होते, असे प्रस्तुत नोंदलेखकाला वाटते.

पुढे या प्रकारात पुष्कळ लेखन झाले. बार्बरा मर्ट्झ यांनी शिकागो विद्यापीठातून इजिप्तविद्येत डॉक्टरेट मिळवली. त्यांनी एलिझाबेथ पीटर्स या नावाने १९७५ पासून अमेलिया पीबडी ही मालिका लिहिली. ती एकोणिसाव्या शतकाअखेरच्या आणि विसाव्याच्या सुरुवातीच्या उत्खननावर आधारलेली असल्याने काटेकोर व्याख्येत बसत नाही, पण वाचक दोन्ही प्रकार बहुधा एकत्रच वाचतात. प्राचीन काळातच राहणारे लेखक मात्र राजवाडा, मंदिर आणि कबरींकडे वळले. त्यासाठी अस्सल साधने भरपूर आहेत. नवव्या रामसेस राजाच्या कारकिर्दीच्या सोळाव्या वर्षी थीब्जच्या (आजच्या लक्सॉरच्या) पूर्व तीराचा नगरप्रमुख पासेर याने राजांच्या कबरी फोडल्या जात असल्याची तक्रार केली. पश्चिम तीराच्या कारभाऱ्यांवर शिंतोडे उडत होते, म्हणून पाहणी झाली आणि बहुतेक कबरी शाबूत असल्याचे जाहीर झाले. पण दुसऱ्या सोबेकेमसाफ राजाची कबर फुटली होती. अमेनपनेफर या पाथरवटाने शवपेट्या जाळल्याचे आणि सोने वाटून घेतल्याचे कबूल केले. तो पुढे सांगतो की आधी पकडला गेलो तेव्हा वाट्याला आलेले वीस देबेन (वजनाचे जुने इजिप्शियन माप) सोने एका कारकुनाला दिले आणि सुटलो. सुटल्यावर तो पुन्हा साथीदारांकडे गेला. हा कबुलीजबाब असलेल्या पपायरसचा खालचा अर्धा भाग न्यू यॉर्कला होता. वरचा भाग १९३५ मध्ये ब्रुसेल्समध्ये एका लाकडी मूर्तीच्या पोटात सापडला.

तिसऱ्या रामसेसविरुद्ध त्याच्या जनानखान्यात रचलेला कटही लेखकांना वारंवार मोहात पाडतो. इटलीतल्या तूरिनच्या पपायरसमध्ये त्या खटल्याची नोंद आहे, पण राजा हल्ल्यात मेला की नाही याबद्दल अभ्यासकांत मतभेद होते. २०१२ मध्ये त्याच्या ममीच्या सीटी स्कॅन तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा गळ्यावर खोलवर वार असल्याचे दिसले. त्यामुळे राजा वाचला असे मानून लिहिलेल्या कथांना आता वाचक सरळ चूक म्हणून बोट दाखवतात.