पार्श्वभूमी : आजोबांची पिवळी बोटं आणि ‘पृथ्वी’चं इंजिन

निवृत्तीनंतर नौपाड्यात किंवा ऐरोलीत येऊन राहिलेल्या आजोबांबद्दल घरात बहुतेकदा एवढंच ठाऊक असतं : ‘हैदराबादला डिफेन्समध्ये होते.’ शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही सुटत नाही, म्हणून ते फार बोलत नाहीत. पण त्या पिढीने काय उपसलं, यातलं बरंच आता उघड आहे आणि ते नातवंडांना कळायलाच हवं.

संरक्षण संशोधन करणाऱ्या सरकारी डीआरडीओची स्थापना १९५८ची. क्षेपणास्त्रांचं काम आधी दिल्लीतल्या एका छोट्या गटाकडे होतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते डीआरडीओच्या हैदराबादमधल्या प्रयोगशाळेत, डीआरडीएलमध्ये गेलं. १९७०मध्ये हैदराबादलाच भारत डायनामिक्स ही क्षेपणास्त्रं बनवणारी सरकारी कंपनी उभी राहिली आणि फ्रेंच परवान्यावर एसएस-११ हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र बनू लागलं. खरी शाळा मात्र सत्तरच्या दशकातला ‘डेव्हिल’ प्रकल्प. रशियन एसए-२ हे विमानविरोधी क्षेपणास्त्र सुटं करून, मापं घेऊन, तसंच इथे बनवायचं.

कॅलिपर लावला की भोकाचा व्यास मिळतो. तो किती चुकला तर चालेल, धातूला कोणती उष्णता-प्रक्रिया दिली, जोड कोणत्या क्रमाने वेल्ड केला, हे तुकडा सांगत नाही. सगळ्यात अवघड होतं वरच्या टप्प्याचं द्रव इंधनाचं इंजिन. एका टाकीत झायलिडीन आणि ट्रायइथिलअमाईन या रसायनांचं मिश्रण, म्हणजे इंधन, दुसरीत लाल धूर सोडणारं नायट्रिक ॲसिड. दोन्ही भेटले की ठिणगीशिवाय पेटतात. पेटायला काही मिलिसेकंद जास्त लागले, तर तेवढ्या वेळात चेंबरमध्ये द्रव साचतो, मग सगळा एकदम पेटतो आणि चेंबर फाटतो. म्हणून द्रव चेंबरमध्ये फवारणाऱ्या इंजेक्टरची भोकं, व्हॉल्व्हची वेळ आणि पंपाचा दाब यांवर महिनोन्महिने चाचण्या चालत.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल कारखान्यात काम केलेल्याला हे ॲसिड ओळखीचं वाटेल, पण रॉकेटचं ॲसिड आणखी तिखट. त्यात साधारण १४ टक्के नायट्रोजनची ऑक्साइडं असतात. टाकी खाऊ नये म्हणून अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या आसपास हायड्रोजन फ्लोराइड मिसळतात. त्याने धातूवर फ्लोराइडचा पातळ थर बसतो आणि गंज रोखला जातो. हा थर ओरखडला, किंवा ॲसिडमध्ये पाणी शिरलं, की टाकी पुन्हा झिजू लागते.

माणसावरचा परिणाम वेगळाच. ॲसिडचा थेंब लागला की कातडीतल्या प्रथिनांमुळे डाग पिवळा पडतो. साबणाने जात नाही, कातडी झडेपर्यंत राहतो. ॲसिडचा लालसर तपकिरी धूर छातीत गेला तर लगेच फार जाणवत नाही, काही तासांनी, बरेचदा रात्री, फुप्फुसांत पाणी भरतं. म्हणून ‘बरं वाटतंय’ म्हणणाऱ्यालाही डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवावं लागतं. झायलिडीन कातडीतून रक्तात जातं आणि ओठ निळे पडतात.

‘डेव्हिल’ १९८०मध्ये बंद झाला. क्षेपणास्त्र तयार झालंच नाही, म्हणून पुष्कळजण त्याला फसलेला प्रकल्प म्हणतात. हा शिक्का अन्यायाचा आहे. १९८३मध्ये डॉ. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखाली एकात्मिक क्षेपणास्त्र विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा द्रव इंजिनाचं शिक्षण पूर्ण केलेली माणसं हाताशी होती. त्या कार्यक्रमातल्या ‘पृथ्वी’ क्षेपणास्त्राच्या तळाशी बसलेली प्रत्येकी सुमारे ३ टन रेट्याची दोन इंजिनं त्याच कामातून आली. २५ फेब्रुवारी १९८८ला श्रीहरिकोट्याहून ‘पृथ्वी’ उडालं.

आजोबांना विचारायचं झालं, तर ‘काय बनवलंत?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर मिळणार नाही. ‘तुम्ही इंजिनावर होता, बॉडीवर की गायडन्सवर?’ असं विचारा. इंजिनावरचा माणूस बहुधा ॲसिडच्या वासापासून सुरुवात करील.

२२ मे १९८९ला चांदीपूरहून सुटलेल्या पहिल्या ‘अग्नी’ क्षेपणास्त्राचा खालचा टप्पा एसएलव्ही-३ या उपग्रह सोडणाऱ्या रॉकेटचा, घन इंधनाचा होता. वरचा ‘पृथ्वी’वरून घेतलेला, त्याच ॲसिडवर चालणारा.