सुतारी क्लॅम्प : स्वच्छता व निगा

सरस लावून जोडलेले लाकडाचे भाग दाबून धरणाऱ्या क्लॅम्पचे आटे, दांडा, जबडे व टेकू (स्क्रूच्या टोकाची, लाकडाला टेकणारी चकती) यांवरील वाळलेला सरस, भुसा आणि गंज काढण्याची व आवश्यक तेथेच वंगण देण्याची कृती.

दाबासाठी स्क्रू प्रथम केव्हा वापरला गेला, याविषयी मतभेद आहेत. परंपरेने स्क्रूचे श्रेय ग्रीक विद्वान टॅरेंटमचा आर्किटस (इ. स. पू. चौथे शतक) किंवा आर्किमिडीज (इ. स. पू. तिसरे शतक) यांना दिले जाते, तथापि स्क्रूच्या दाबयंत्राचे स्पष्ट वर्णन इ. स. पहिल्या शतकात रोमन लेखक थोरला प्लिनी आणि ग्रीक यंत्रज्ञ अलेक्झांड्रियाचा हीरो यांच्या लेखनात आढळत असल्याने तो वापर सुमारे त्याच काळात रूढ झाला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सुताराचे काम मात्र दोर, त्याला पीळ देणारी काठी व पाचर यांवर दीर्घकाळ भागत असे. या साधनांना गंज लागत नाही, त्यामुळे आजच्या अर्थाने निगेचा प्रश्न लोखंडी आट्यांबरोबरच उद्भवला.

निगेतील खरा वाद वंगणाच्या जागेचा आहे. एफ-क्लॅम्पचा (इंग्रजी F अक्षराच्या आकाराच्या क्लॅम्पचा) सरकता जबडा दाब येताच दांड्यावर किंचित तिरपा होऊन केवळ घर्षणाने अडकतो. म्हणून दांड्याला तेल लावल्यास जबडा घसरतो. सरस चिकटू नये यासाठी दांड्यावर मेणाचा पातळ थर द्यावा, असे काहींचे मत आहे, तर दांडा कोरडा व किंचित खरखरीत ठेवावा, असे इतर म्हणतात. मेण पुसून अगदी पातळ राहिले तर दोन्ही मतांत फारसे अंतर उरत नाही. जबडा घसरू लागल्यास दांड्यावर कानस फिरवणे हा उपाय दोघांनाही मान्य आहे. आटे व टेकूचा गोलाकार सांधा यांना मात्र वंगण हवेच. सिलिकॉनचा फवारा टाळतात, कारण त्याचा अंश लाकडावर उतरल्यास पॉलिशमध्ये खळगे पडतात.

वाळलेला पांढरा सरस कोमट पाण्याने किंवा व्हिनेगरने मऊ करून पटाशीने न ओरबाडता बोथट पत्र्याने खरवडतात, आट्यांतील कण तारेच्या ब्रशने काढतात आणि धातू लगेच कोरडा करतात. ओल्या सरसात लोखंड बाभूळ किंवा सागवानाला टेकल्यास लाकडातील टॅनिन या तुरट द्रव्याशी अभिक्रिया होऊन निळसर काळे डाग पडतात. त्यामुळे मध्ये मेणकागद ठेवण्याची पद्धत आहे.

नागपुरात मे महिन्यातील पारा 45 अंश सेल्सिअसपर्यंत चढतो आणि हवा अत्यंत कोरडी असते. साधारणतः जूनच्या मध्यापासून ती एकदम दमट होते. लकडगंजच्या लाकूडबाजारालगतच्या कार्यशाळांसाठी निगेचा सोयीचा काळ म्हणूनच पावसाळ्यापूर्वीचा असतो. त्या वेळी गंज पॉलिश कागदाने उतरवून, आट्यांना हलके तेल देऊन, क्लॅम्प जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता टांगतात. स्क्रू किंचित सैल ठेवतात.