गाणं, एक मूल आणि सहा आठवडे

१३ जुलै १९८५. लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये ‘लाइव्ह एड’ ही मदतनिधीची मैफल रंगात आली होती. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी पैसे उभे करायचे होते. दुष्काळ म्हणायचं एवढंच; तिथं यादवी युद्ध पेटलेलं होतं आणि उपासमारीत बंदुकांचा वाटा काही कमी नव्हता. डेव्हिड बोवी चार गाणी गायला, पाचवं त्यानं गाळलं आणि तो वेळ एका चित्रफितीला दिला. कॅनडाच्या सीबीसी वाहिनीनं टिपलेली दृश्यं होती ती. हाडांचा सापळा झालेली मुलं, उभं राहायची धडपड करणारं एक लेकरू. त्याखाली वाजत होतं ‘द कार्स’ या बँडचं ‘ड्राइव्ह’. त्यानंतर फोनवरून येणाऱ्या देणग्यांचा वेग वाढला.

मला यातली एक गोष्ट राहून राहून नवल वाटायला लावते. त्या गाण्याचा ना युद्धाशी संबंध, ना भुकेशी. बिघडत चाललेल्या नात्याचं ते पॉप गाणं, रेडिओवर ऐकून ऐकून लोकांना पाठ झालेलं. तरी त्या दिवशी ते त्या मुलांसाठीच लिहिल्यासारखं वाटलं.

युद्धात सापडलेल्या मुलांचे, गाणं लावलेले व्हिडिओ मोबाइलवर बघताना आजही आपला गळा असाच दाटतो. असं का होतं, याचा धागा एका गमतीशीर प्रयोगात सापडतो. १९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी ॲनिमेशन फिल्म केली. तिच्यात दोन त्रिकोण, एक छोटं वर्तुळ आणि एक चौकट, बस्स. पण बघणारे सांगू लागले की मोठा त्रिकोण दांडगट आहे आणि वर्तुळ घाबरलंय! पुढं १९८८ मध्ये मार्शल आणि कोहेन या संशोधकांनी त्याच फिल्मला वेगवेगळं संगीत लावून पाहिलं. संगीत बदललं तशा त्याच आकृत्या लोकांना वेगळ्या स्वभावाच्या वाटल्या. डोळे बघतात आणि कान नुसती साथ करतात, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात बघितल्याचा अर्थ लावण्यात कानांचा हात (कानांना हात असतात तर) बराच मोठा आहे.

शिवाय सुरांची स्वतःची ताकद आहेच. गाणं ऐकून ज्यांच्या अंगावर काटा येतो अशा लोकांच्या मेंदूचं चित्रण मॉन्ट्रियलमधल्या संशोधकांनी केलं. ते २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. गाण्यातली आवडती जागा येण्याआधी, नुसत्या चाहुलीनंच, मेंदूच्या एका भागात डोपामिन हे सुखाशी निगडित रसायन स्रवत होतं आणि प्रत्यक्ष ती जागा आली की दुसऱ्या भागात. तबल्यावर तिहाई (एकच तुकडा तीनदा) सुरू झाली की समेवर यायला मान आधीच सरसावते, तसंच काहीसं. व्हिडिओचं संकलन करणाऱ्याला हे शास्त्र ठाऊक नसलं तरी मर्म ठाऊक असतं. वाद्यं थांबतात, एकटा आवाज उरतो, कॅमेरा एका चेहऱ्यावर स्थिरावतो, आणि मग सगळा वाद्यवृंद एकदम उसळतो. काटा सुरांनी आणलेला असतो. श्रेय मात्र आपण त्या चेहऱ्याला देऊन टाकतो, असा माझा तरी अंदाज आहे.

चेहरा एकच का? २००७ मध्ये डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक या संशोधकांनी लोकांना दोन प्रकारची आवाहनं दिली. एकात आफ्रिकेतल्या उपासमारीचे आकडे, दुसऱ्यात मालीमधल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट. रोकियाला दुपटीच्या आसपास पैसे मिळाले. खरा चटका पुढं आहे. तिच्या गोष्टीला आकडेवारी जोडली तेव्हा देणगी घटली. युनिसेफच्या २०२४ च्या हिशेबानुसार ४७ कोटींहून जास्त मुलं संघर्षाच्या प्रदेशांत राहतात, म्हणजे जगातल्या दर सहांमागे एकाहून जास्त. हे वाक्य वाचून तुमचा गळा दाटला नसेल. लिहिताना माझाही दाटला नाही.

आणि गळा दाटला तरी हात खिशाकडे जाईलच असं नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन यांनी दुसऱ्याचं दुःख पाहून येणाऱ्या दोन भावना वेगळ्या केल्या. एक स्वतःलाच होणारी घालमेल, दुसरी समोरच्याबद्दलची कळकळ. त्यांच्या प्रयोगांत नुसती घालमेल झालेली माणसं सुटकेचा सोपा रस्ता दिसताच निघून जायची. कळकळ वाटलेली मात्र थांबायची. मोबाइलवर तर तो रस्ता अंगठ्याखालीच असतो.

सप्टेंबर २०१५ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर वाहून आलेल्या चिमुकल्या सीरियन मुलाचं छायाचित्र जगभर पसरलं. स्वीडनच्या रेड क्रॉसकडं सीरियन निर्वासितांसाठी रोज येणाऱ्या देणग्यांची संख्या त्या आठवड्यात आधीच्या शंभरपटीहून जास्त झाली. साधारण सहा आठवड्यांत हा पूर ओसरला. युद्ध चालूच होतं. पण त्याच सप्टेंबरमध्ये दरमहा रक्कम देण्याचं कबूल करणाऱ्यांची संख्या दसपट झाली होती, आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांच्यातल्या जवळजवळ कुणीच ती बंद केली नाही.