दुबईची डेझर्ट सफारी : दोघं मिळून जाताय? मग एवढं वाचून जा

आमच्या दांडिया बाजारातल्या ऑफिसात दुबईचं बुकिंग करताना बडोदेकर हमखास विचारतात, "कच्छचं रण बघून झालंय, आता परत वाळवंटच कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण रण म्हणजे मिठाची सपाट खपली. दुबईबाहेर लाहबाबकडे गेलात की वाळूच्या टेकड्याच टेकड्या, त्याही तांबूस. वाळूतल्या लोहामुळे तो रंग येतो आणि ऊन कललं की गडद होत जातो. बहुतेक जण दुपारची सफारी घेतात ती त्यासाठीच.

हॉटेलवर गाडी साधारण अडीच ते साडेतीनच्या दरम्यान येते. तिथली वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. मोबाइल आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ बदलत नाही. मग घड्याळवाली मंडळी लवकरच खाली येऊन बसतात. असू दे, उशिरापेक्षा बरं.

वाळू सुरू होते तिथे गाडी थांबवून ड्रायव्हर चारही चाकांतली हवा सोडतो. फुस्स आवाज ऐकून घाबरू नका, पंक्चर नाही. हवा कमी केली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर पडतं आणि चाक रुतत नाही. परतताना डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरतात. मधला अर्धा तास गाडी टेकडीवर चढते, एका अंगावर कलते, घसरत खाली येते. यालाच ड्यून बॅशिंग म्हणतात.

आता मुद्द्याचं. दोघं मित्र जातात तेव्हा बहुतेक वेळा एकाला हौस असते आणि दुसरा त्याच्यासाठी 'हो' म्हणतो. आमच्याच मालकांचं उदाहरण घ्या. पहिल्या खेपेला ते शाळेतल्या मित्राबरोबर गेले. मित्राने दुपारी पोटभर बिर्याणी हाणलेली, वर लस्सी. तिसऱ्या टेकडीवर त्याने खिडकीची काच ठोठावली, चौथीला उशीर झालेला होता. त्याचं नाव इथे घालत नाही, कारण हे पत्रक तोही वाचणार आहे. पण शेअरिंगच्या गाडीत आणखी चार माणसं होती आणि त्यांचाही अर्धा तास त्यात गेला.

म्हणून दोघांपैकी कुणाला गाडी लागत असेल तर जेवण हलकं ठेवा, पुढची सीट मागून घ्या (सगळ्यात मागे धक्के जास्त बसतात) आणि उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्या. गरोदरपण, मानेचं-पाठीचं दुखणं, हृदयविकार, नुकतंच झालेलं ऑपरेशन, यांपैकी काहीही असेल तर ड्यून बॅशिंग नकोच. त्या माणसाला रस्त्याने थेट कॅम्पवर सोडता येतं, पण शेअरिंगमध्ये ते जमवणं कठीण. अशा जोडीने प्रायव्हेट गाडी घ्यावी. चार पैसे जास्त जातील, मैत्री टिकेल.

कॅम्पवर खजूर आणि गाहवा देतात. गाहवा म्हणजे वेलची घातलेली बिनसाखरेची अरबी कॉफी. आपल्या दुधाळ कॉफीची अपेक्षा ठेवू नका. उंटावरची छोटी फेरी, मेंदी, तनुरा नाच (घेरदार झगा घालून गरगर फिरण्याचा) आणि जेवण बहुधा पॅकेजातच असतं. क्वाड बाइकचे आणि ससाण्याबरोबरच्या फोटोचे पैसे वेगळे, तेव्हा आधी भाव विचारा. व्हेज मिळतं, जैन जेवण किंवा संकष्टीचा उपास असेल तर बुकिंगलाच सांगा. रमजानात नाचगाणं सहसा बंद असतं.

नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. तेव्हा रात्री वाळवंटात चांगलंच गार होतं, पातळ स्वेटर घ्या. जून-जुलैत पारा चाळिशीच्या वर जातो. स्वस्त पडतं म्हणून तेव्हा जाणाऱ्यांना आम्ही अडवत नाही, सुचवत मात्र नाही. बूट नकोत, सँडल बरी: बुटात गेलेली वाळू बडोद्यापर्यंत साथ देते.

खाऊची बॅग भरण्याआधी हे नक्की वाचा. यूएईत खसखस नेण्यास बंदी आहे, ती तिथे अंमली पदार्थांत मोडते. म्हणजे मित्राच्या दुबईतल्या बहिणीसाठी अनारसे नकोत, खसखस घातलेली भाकरवडी नको, घरचा मसालाही त्यात काय पडलंय ते आईला विचारूनच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉलच्या गोळ्या तिथल्या पूर्वपरवानगीशिवाय नेऊ नका. रोजची बाकीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, मूळ पाकिटात.

बुकिंगला येताना दोघांच्या पासपोर्टच्या झेरॉक्स आणा आणि पुढच्या सीटवर कोण बसणार ते घरूनच ठरवून या. आमच्या काउंटरवर त्यावरून भांडणं झालेली आहेत.